एअरपोर्टजवळ विमानं इतकी जवळजवळ दिसतात, मग धडकत कशी नाहीत?

तुमचा प्रश्न असा आहे की ट्रॅकिंग अ‍ॅपवर बिझी एअरपोर्टच्या आसपास विमानं एकमेकांवर चढलेली दिसतात, मग बातमीत जो 'कॉन्फ्लिक्ट' म्हणतात तो रोजच होत असणार की काय, आणि गो-अराउंड (उतरता उतरता विमान पुन्हा वर नेणं) झालं म्हणजे आपण थोडक्यात वाचलो असं समजायचं का. मी अ‍ॅप्रोच रडारवर (उतरायला येणाऱ्या विमानांना रांगेत लावणारा विभाग) काम केलंय, त्यामुळे जरा लांबलचक उत्तर देतोय, सांभाळून घ्या.

अ‍ॅपचं आधी उरकतो. नकाशा लहान केला तरी विमानाचं चित्र तेवढंच राहतं, त्यामुळे त्या एका चित्राखाली कित्येक किलोमीटर झाकले जातात. आणि उंची तर त्यात दिसतच नाही, चित्रावर क्लिक करून बघावी लागते. दोन विमानं बरोब्बर एकावर एक दिसली आणि एक 6 हजार फुटांवर, दुसरं 7 हजारांवर असलं तर कंट्रोलरच्या दृष्टीने तिथे काहीही घडलेलं नाही.

कारण नियमच तसा आहे, अ‍ॅप्रोचच्या भागात साधारणपणे दोन विमानांमध्ये आडवं अंतर 3 नॉटिकल मैल (साडेपाच किलोमीटर धरा) किंवा उभं अंतर 1000 फूट. 'किंवा' महत्त्वाचं, दोन्हीपैकी एक असलं की बास. पुढे जड विमान असेल तर त्याच्यामागे हवेत भोवरे राहतात, म्हणून मागच्या मध्यम विमानाला 5 मैल ठेवावे लागतात. आता हे दोन्ही थोड्या वेळात मोडणार असं दिसायला लागलं की त्याला कॉन्फ्लिक्ट म्हणायचं, म्हणजे अजून काही झालेलं नसतं. खरंच मोडलं तर ते लॉस ऑफ सेपरेशन, मग 3 च्या जागी 2.8 मैल भरले तरी रिपोर्ट होतो, चौकशी होते. बातमीवाले या सगळ्याला एकाच मापाने 'थरारक' म्हणतात, त्याला इलाज नाही.

लोकांना वाटतं गर्दीमुळे प्रॉब्लेम होतो. माझ्या मते गर्दीपेक्षा स्पीडमधला फरक जास्त छळतो. बघा, फायनलवर (रनवेच्या रेषेत सरळ येण्याचा शेवटचा टप्पा) दोन विमानं एकामागे एक, दोघं 180 नॉटने (नॉट म्हणजे ताशी एक नॉटिकल मैल), मध्ये 4 मैल. वेळेत मोजलं तर हे अंतर 80 सेकंदांचं झालं. पुढे दोघांनीही एकाच ठिकाणी स्पीड कमी करून 140 केला, कोणीही काही चुकलं नाही, तरी 140 नॉटला 80 सेकंद म्हणजे फक्त 3.1 मैल! सगळं नियमाप्रमाणे होऊनही जवळजवळ एक मैल गायब. सुरुवातीला साडेतीनच मैल ठेवले असते तर शेवटी पावणेतीनही उरले नसते. आणि पुढच्या पायलटने न सांगता आधीच ब्रेक मारल्यासारखा स्पीड उतरवला तर मग बघायलाच नको. म्हणून तर '160 नॉट, 4 मैलांपर्यंत' (म्हणजे रनवे 4 मैलांवर येईपर्यंत 160 ठेवा) अशी इन्स्ट्रक्शन बऱ्याच ठिकाणी एकामागून एक सगळ्यांना दिली जाते, हेतू एवढाच की सगळे एकाच चालीने यावेत.

त्यात वारा. फायनलवर समोरून जोराचा वारा असला की पुढचा तिकडे वळल्या वळल्या त्याचा जमिनीवरचा वेग पडतो, आणि मागचा अजून वळायचा असतो, तो आपला त्याच वेगाने येत राहतो. स्क्रीनवर आत्ता दिसतंय ते अंतर खरं धरून चालत नाही, दोन मिनिटांनी किती उरेल तेच डोक्यात ठेवून बोलावं लागतं.

दुसरी भानगड म्हणजे दोन्ही बाजूंनी समोरासमोर येऊन एकाच फायनलला वळणारी विमानं. यांच्यात 1000 फूट ठेवायचे, एक दुसऱ्याच्या नीट मागे बसेपर्यंत सोडायचे नाहीत. यात टीकॅस (विमानातली टक्कर टाळणारी सिस्टिम) कधीकधी उगाच ओरडते. एक विमान 4 हजारांवर सरळ चाललंय, दुसरं 5 हजारांवर थांबायला मिनिटाला अडीच हजार फुटांनी खाली येतंय. ते 5 हजारांवर थांबणार हे पायलटला माहितीये, कंट्रोलरला माहितीये, टीकॅसला नाही! तिला फक्त आत्ताचा वेग कळतो. म्हणून शेवटच्या हजार फुटांत उतरण्याचा वेग दीड हजाराच्या आत आणा असं पायलटना सांगितलेलं असतं.

उगाच ओरडली तरी तिचं ऐकायचंच, हा नियम फार महागात पडून पक्का झालाय. 12 नोव्हेंबर 1996 ला दिल्लीजवळ चरखी दादरीवर उतरणारं कझाक विमान 15 हजारांवर थांबायच्या ऐवजी खाली गेलं आणि 14 हजारांवर असलेल्या सौदी विमानाशी समोरासमोर धडकलं, 349 माणसं गेली. तिथल्या रडारवर तेव्हा उंची दिसत नव्हती. त्यानंतर भारतात टीकॅस सक्तीचं झालं. मग 2002 ला जर्मनीत युबरलिंगेनला दोन्ही विमानांत टीकॅस होतं, पण एकाला ते 'वर जा' म्हणत असताना कंट्रोलरने 'खाली जा' सांगितलं, पायलटने कंट्रोलरचं ऐकलं, दुसरं विमान टीकॅसचं ऐकून खालीच येत होतं. 71 मृत्यू. आता टीकॅसने वर-खाली जायला सांगितलं की कंट्रोलर काहीही म्हणो, पायलट टीकॅसचंच करतो, आणि आम्ही त्या विमानाला उंचीबद्दल एक शब्द बोलत नाही.

पण जमिनीपासून साधारण 1000 फुटांच्या खाली टीकॅस वर-खालीचा सल्ला देतच नाही, फार तर 'ट्रॅफिक, ट्रॅफिक' म्हणून सावध करते. 29 जानेवारी 2025 ला वॉशिंग्टनला रात्रीच्या वेळी उतरणारं विमान आणि लष्करी हेलिकॉप्टर धडकले ते जेमतेम 300 फुटांवर, 67 जण गेले. हेलिकॉप्टरवाल्याने 'विमान दिसतंय' म्हणून अंतर ठेवायची जबाबदारी स्वतःकडे घेतली होती. रात्री शहराच्या दिव्यांत नेमकं कोणतं विमान दिसतंय हे ओळखणं किती अवघड असतं ते पायलटला विचारा. बिझी एअरपोर्टजवळ या डोळ्यांच्या भरवशावरच्या सेपरेशनवर माझा तरी फारसा विश्वास नाही, गर्दीत जास्त विमानं उतरवायला सोयीचं पडतं हे मान्य करूनही.

राहिलं गो-अराउंड. बहुतेक वेळा कारण अगदी साधं असतं, पुढचं विमान रनवेवरून वेळेत बाहेर पडलं नाही, किंवा वर सांगितलं तसं अंतर घटलं आणि कंट्रोलरने वेळ असतानाच मागच्याला वर पाठवलं. आत बसलेल्यांच्या पोटात गोळा येतो कारण इंजिनं एकदम जोरात गर्जतात आणि पायलट हातातलं काम आवरेपर्यंत काही अनाउन्स करत नाहीत. थोडक्यात वाचलो असं त्यात क्वचितच काही असतं, दहा-पंधरा मिनिटं उशीर होतो आणि तुम्ही पुन्हा रांगेत लागता.