खिशातली टॉर्च निवडताना

रोज खिशात बाळगण्यासाठी चार्जिंगची छोटी टॉर्च घेताना डब्यावरचा ल्युमेनचा, म्हणजे एकूण उजेड मोजण्याच्या एककाचा, मोठा आकडा तुम्ही सर्वांत शेवटी पाहावा. टॉर्चच्या चाचणीसाठी असलेल्या एफएल-१ या मानकानुसार टॉर्चचा चालण्याचा अवधी उजेड सुरुवातीच्या 10 टक्क्यांवर येईपर्यंत मोजतात. त्यामुळे डब्यावर चार तास लिहिलेले असले, तरी त्यातला बराच काळ उजेड मंद असू शकतो. सांगलीकडे रात्रीच्या विजेवर उसाला पाणी पाजायला जाणाऱ्याला लांबवर जाणाऱ्या झोतापेक्षा बांधावर पायापुढचा साप स्पष्ट दाखवणारा, पसरट आणि टिकाऊ उजेड हवा असतो, आणि त्यासाठी शे-दीडशे ल्युमेन पुरतात. सेल बदलता येणारा असावा. 18650 हा सेल 18 मिलिमीटर जाड व 65 मिलिमीटर लांब असतो, तो खिशाला जड वाटल्यास त्याहून लहान अशा 14500 सेलची टॉर्च चालेल. काही स्वस्त टॉर्च दोन्ही टोकांना सी-पिन असलेल्या केबलवर चार्जच होत नाहीत, म्हणून स्वतःची केबल नेऊन दुकानातच खात्री करून घ्यावी. मागचे झाकण किंचित सैल केल्यावर टॉर्च पूर्ण बंद राहते का, हेही तपासावे, कारण खिशात बटण दाबले गेल्यास प्रखर उजेडाने कापड भाजू शकते.