रत्नागिरीहून नाशिकला आल्यापासून अंग फार कोरडं पडतंय, काय खावं, काय लावावं, कोणती क्रीम चांगली?

तुम्ही लिहिलंय की तिकडे कधी क्रीम लागली नाही आणि इथे महिन्याभरात टाचा फुटल्या, ओठ सोलले. माझं अगदी हेच झालं होतं म्हणून लिहितेय. मी गुहागरची, 2014 च्या डिसेंबरात लग्न होऊन नाशिकला आले, पाथर्डी फाट्याला. आपल्याकडे समुद्रामुळे हवेतच एवढी ओल असते की अंगाला काही लावायचं सुचत नाही, इथे आपण घाटावर, जवळजवळ 600 मीटर उंचीवर, त्यात थंडीत निफाडचा पारा 5-6 अंशांवर गेल्याच्या बातम्या येतात, आणि गार हवेत बाष्प मुळात कमी मावतं, ती अंगातली ओल ओढून घेते. द्राक्षवाले त्या दिवसांत पहाटे बागेत शेकोट्या पेटवतात, गारठ्याने मणी तडकतात म्हणून. मग आपल्या टाचा तडकल्या तर नवल नाही.

आता तेलाचं सांगते, कारण माझ्या मते खरं उत्तर तेच आहे. येताना आईने खोबरेल दिलं होतं, आमच्याच नारळांचं, खोबरं वाळवून घाण्यावर काढलेलं. इथे पहिल्याच आठवड्यात ते गोठलं. अख्खी बाटली पांढरी, मेणासारखी, उलटी धरली तरी थेंब पडेना, मी चमच्याच्या दांडीने खरवडून काढायचे. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला घरात दहा-बारा बायका जमलेल्या आणि माझ्या मोठ्या जाऊबाईंनी ती बाटली सगळ्यांना दाखवली, "हिच्या माहेरचं तेल बघा, डालडा मिसळलाय, शुद्ध तेल कधी गोठतं का!" मी नवीन, गप्प बसले. पण मलाही ते खरंच वाटलं हो, रात्री आईला फोन करून मी तिलाच बोलले की घाणेवाल्याने तुला फसवलं. आई एवढंच म्हणाली, "अगो, खोबरं मी वाळवलंय, समोर उभं राहून काढून घेतलंय." आवाज एकदम बारीक झाला होता तिचा. ते मला अजून लागतं.

खोबरेल साधारण 24-25 अंशांच्या खाली गोठतंच, तो त्याचा गुणच आहे. गुहागरात थंडीतही दिवसा ऊब असते, म्हणून मी ते असं घट्ट गोठलेलं कधी बघितलं नव्हतं. जाऊबाईंचं सुवासिक तेल भर जानेवारीत पातळ राहायचं, नंतर एकदा त्या बाटलीमागची बारीक अक्षरं वाचली तर त्यात मिनरल ऑइल होतं.

पण तेव्हा मी तेल माळ्यावर टाकलं आणि त्यांच्याच सांगण्यावरून मुलतानी मातीत लिंबू पिळून लावायला लागले. थंडीत हे चुकूनही करू नका. मुलतानी माती कातडीवर आहे तेवढं तेलही शोषून घेते, आठ दिवसांत माझ्या ओठांच्या कडेला चिरा पडल्या, जांभई दिली की रक्त यायचं. शेवटी सासूबाईंनी न बोलता माळ्यावरून बाटली काढली, गरम पाण्याच्या पातेल्यात उभी केली आणि माझ्या हातात दिली.

लावायची पद्धत महत्त्वाची. कढत पाण्याने आंघोळ करू नका, थंडीत कितीही बरं वाटलं तरी, कोमट घ्या आणि पाच मिनिटांत आटपा. साबण काखा-जांघांपुरता. टॉवेलने टिपायचं फक्त, घासायचं नाही, आणि अंग ओलसर असतानाच दोन-तीन मिनिटांत तेल लावायचं. तेल अंगाला पाणी देत नाही, असलेलं धरून ठेवतं, म्हणून कोरड्या अंगावर लावून लोक म्हणतात की फरक पडला नाही. घरात बोअरचं पाणी असेल तर बघा साबणाला फेस येतो का, नाही आला तर जड पाणी आहे, शेवटचे दोन तांबे तरी नळाच्या पाण्याचे घ्या. ग्लिसरीन लावणार असाल तर पाणी किंवा गुलाबपाणी घालून, नुसतं नको. टाचांना मेडिकलमधून युरिया असलेली क्रीम, 10 ते 20 टक्क्यांची, रात्री लावून वर सुती मोजे, पंधरा दिवसांत फरक दिसतो. बाकी नावं मी सांगत नाही, युरिया आहे का तेवढं बघा.

खायचं म्हणाल तर ताजा बांगडा विसरा, मासे मिळतात पण ती चव नाही. त्याऐवजी मला सापडली बाजरीची भाकरी, तव्यावरून उतरल्या उतरल्या फोडून त्यात लोणी, सोबत सासूबाईंची जवसाची चटणी, जवस भाजताना तडतडतात तेव्हा जो वास येतो त्यासाठी मी आधी स्वयंपाकघरात जाऊन उभी राहते. थंडीत कुठे हुरडा मिळाला तर सोडू नका, फेब्रुवारी-मार्चला द्राक्षं आहेतच. मिसळ तर तुम्ही एव्हाना खाल्लीच असेल. पाणी ढसाढसा प्यायल्याने टाचा भरतात हे मात्र मला पटत नाही, तहानेपुरतं प्या, वरून लावल्याशिवाय भागत नाही.

हो, चेहऱ्यावर पिंपल्स येत असतील तर तिथे खोबरेल नको, ते काहींना बाधतं. शुगर असेल आणि टाचेच्या चिरा खोल असतील तर घरगुती काही न करता डॉक्टरला दाखवा. आणि गोठलं म्हणजे शुद्धच असंही नाही, डालडाही गोठतो, पण भर थंडीत खोबरेल पातळ राहिलं तर लेबल नक्की वाचा. गावाहून मागवणार असाल तर बाटलीत नको, रुंद तोंडाच्या बरणीत मागवा. माझी आई आता बरणीतच पाठवते, दर दिवाळीला, आणि त्यातली एक जाऊबाईंकडे जाते.