निळा ठिपका आहे, नकाशा कुठंय?

यंदा पावसाळी भटकंती सुरू झाल्यापासून जीपीएसबद्दलच इतके प्रश्न आलेत की या वेळचं अख्खं पान त्यांनाच देतोय. सारखे प्रश्न एकत्र केलेत, काही पत्रं थोडी कापलीत, राग मानू नका.

दादा, आम्ही सहा जण खांडसहून शिडी घाटाने भीमाशंकरला निघालो. घरूनच गुगल मॅप्सवर रस्ता लावला होता, पण गाव सुटलं आणि रेंज गेली. ॲप एकदा बंद होऊन परत उघडलं तर सगळा स्क्रीन राखाडी, मधोमध नुसता निळा ठिपका. रेंज नसली की जीपीएस चालतच नाही का? मग उपयोग काय त्याचा? (वाचक, कल्याण)

चालत होतं की! तो ठिपका म्हणजेच जीपीएस. जीपीएसचे उपग्रह साधारण २०,२०० किलोमीटर उंचीवरून सतत सिग्नल सोडत असतात, आपला फोन फक्त ऐकतो, किमान चार उपग्रह नीट ऐकू आले की स्वतःची जागा काढतो, त्याला ना सिम लागतं ना नेट. नेट लागतं ते नकाशाला. नकाशा तुकड्यातुकड्याने येतो आणि रेंज गेली की यायचा थांबतो. म्हणजे तुमच्या फोनला आपण कुठे आहोत हे पक्कं माहीत होतं, फक्त ते कशावर दाखवायचं तो कागद त्याच्याकडे नव्हता.

गुगल मॅप्समध्ये भाग आधी डाउनलोड करता येतो, पण ऑफलाइन असताना रस्ता मिळतो तो गाडीचा, पायी चालायचा नाही. आणि आपल्या घाटवाटा त्यात मुळात कमीच. म्हणून घाटात उतरणाऱ्यांनी ओपनस्ट्रीटमॅपवर, म्हणजे लोकांनीच मिळून बनवलेल्या खुल्या नकाशावर, चालणारं ॲप घ्यावं असं मी सगळ्यांनाच सांगतो. नवीन असाल तर ऑरगॅनिक मॅप्स, फुकट आहे, जाहिराती नाहीत, महाराष्ट्र उतरवून घेतला की झालं. जरा हात बसला, जीपीएक्स फाईली (कुणीतरी चालून साठवलेल्या वाटा) टाकायच्या असतील, ट्रॅक नीट साठवायचे असतील तर ऑस्मअँड. ते पहिल्यांदा उघडलं की इतके पर्याय दिसतात की माणूस गांगरतो, पण चार दिवस द्या त्याला. त्याच्या फुकट आवृत्तीत सातच नकाशे उतरवता येतात, आपल्याला महाराष्ट्र आणि फार तर गोवा-कर्नाटक लागतं, त्यामुळे पुरतात.

समोच्च रेषा, म्हणजे सारख्या उंचीची ठिकाणं जोडणाऱ्या रेघा, नकाशात चालू ठेवाच. रेषा एकमेकींना चिकटल्या की तिथे कडा आहे, आणि सह्याद्रीत हे कळणं वाटेच्या तुटक रेघेपेक्षाही जास्त महत्त्वाचं. ती तुटक रेघ कुणीतरी चालून टाकलेली असते, ती दरड पडायच्या आधीचीही असू शकते, तेव्हा गावात विचारल्याशिवाय पुढे जाऊ नका.

आणि आदल्या रात्री घरीच एरोप्लेन मोड टाका, ॲप पूर्ण बंद करून परत उघडा, खांडस मोठं करून बघा. वाट दिसतेय का? नाही दिसली तर ते घरात कळलेलं बरं.

अजून एक, बऱ्याच जणांनी विचारलंय की रेंज नसताना ठिपका यायला पाच-पाच मिनिटं का लागतात. नेट असलं की उपग्रह नेमके कुठे आहेत ती माहिती फोन इंटरनेटवरून झटक्यात घेतो. नेट नसलं की तीच माहिती उपग्रहाकडून घ्यावी लागते आणि तो ती सेकंदाला ५० बिट इतक्या संथपणे सांगतो, दर ३० सेकंदांनी परत पहिल्यापासून. मध्येच झाडाआड गेलात की वाक्य तुटतं, परत सुरुवात. म्हणून झाडीत चालता चालता फोन हलवत बसू नका, मोकळ्या पठारावर या आणि दोन-तीन मिनिटं शांत उभे राहा.

अख्खा ट्रेक रेकॉर्ड केला, घरी येऊन बघतो तर दोन-तीन ठिकाणी सरळ रेघा मारल्यासारखा ट्रॅक, दरी ओलांडून उडत गेल्यासारखा! आणि अंतर ११ किलोमीटरऐवजी ६. ॲप बदलू का? (वाचक, नाशिक)

ॲप बदलून काही होणार नाही, दुसरंही असंच करेल. स्क्रीन बंद झाली की बॅटरी वाचवायला फोनच मागे चालणारं ॲप बंद पाडतो, मग तुम्ही परत स्क्रीन उघडता तेव्हा ते जागं होतं आणि मधल्या भागाला सरळ रेघ मारून टाकतं. सेटिंग्जमध्ये त्या ॲपच्या बॅटरीचं बंधन पूर्ण काढा, लोकेशनची परवानगी नेहमीसाठी द्या, बॅटरी सेव्हर बंद ठेवा. काही फोनमध्ये अलीकडे वापरलेल्या ॲप्सच्या यादीत त्याला कुलूपही लावावं लागतं. बॅटरीची काळजी असेल तर एरोप्लेन मोड टाका, डोंगरात फोनची बॅटरी जीपीएसपेक्षा टॉवर शोधण्यातच जास्त जाते, फक्त तेवढा वेळ तुम्हाला फोन लागणार नाही हे घरी सांगून ठेवा. बदल केल्यावर आधी सोसायटीभोवती अर्धा तास स्क्रीन बंद ठेवून चाला आणि ट्रॅक बघा. गेलेले बिंदू मात्र परत येत नाहीत, त्याला इलाज नाही.

माझ्याकडे जुन्या टिपणवहीत हरिश्चंद्रगडाच्या मंदिराचे अक्षांश-रेखांश आहेत, १९ अंश २३.२ आणि ७३ अंश ४६.८ असे. ॲपमध्ये टाकले तर गड थेट मुरबाडकडे! वहीतलं चुकलं की ॲप चुकतंय? (वाचक, संगमनेर)

दोन्ही बरोबर आहेत, घोटाळा टाकण्यात झाला. हा प्रश्न फार मोलाचा आहे, कारण ही चूक रेस्क्यूच्या वेळी झाली तर माणसाला शोधायला गेलेले लोक भलत्याच डोंगरात फिरत राहतात.

तुम्ही ॲपमध्ये १९.२३२ आणि ७३.४६८ असं टाकलंत ना? वहीत जे २३.२ आहे ती मिनिटं आहेत आणि एका अंशात ६० मिनिटं असतात, १०० नाही. २३.२ भागिले ६० केलं की ०.३८७, म्हणून अक्षांश १९.३८७. तसंच ४६.८ भागिले ६० म्हणजे ०.७८, म्हणून रेखांश ७३.७८०. आता फरक बघा, अक्षांशात सुमारे १७ किलोमीटर दक्षिणेला सरकलात आणि रेखांशात सुमारे ३३ किलोमीटर पश्चिमेला, म्हणजे घाट उतरून खाली, सरळ रेषेत ३७ किलोमीटर लांब. मुरबाड तालुका येणारच.

अंश-मिनिटं-सेकंद, अंश आणि दशांश मिनिटं, नुसते दशांश अंश, हे तिन्ही प्रकार सर्रास चालतात आणि फोनवर कुणी घाईत सांगितलं की सगळेच सारखे ऐकू येतात. म्हणून आकडा सांगताना 'अंश', 'मिनिटं', 'पॉइंट' हे शब्द तोंडाने म्हणा आणि समोरच्याकडून परत वदवून घ्या. मिनिटांच्या जागी ६० किंवा त्याहून मोठा आकडा आला तर ती मिनिटं नाहीतच, ते दशांश आहेत. दशांश अंशात पाच घरं पुरेत, चौथं घर म्हणजे ११ मीटर, पाचवं म्हणजे सुमारे एक मीटर, त्यापुढचे आकडे लिहिण्यात काही अर्थ नाही.

वहीतले आकडे जर भारतीय सर्वेक्षण विभागाच्या जुन्या टोपोशीटवरून, म्हणजे छापील नकाशा-पत्रकांवरून, काढलेले असतील तर अजून एक गोष्ट आहे. जुनी पत्रकं एव्हरेस्ट नावाच्या मापन-पद्धतीवर आहेत आणि जीपीएस डब्ल्यूजीएस-८४ या दुसऱ्या पद्धतीवर चालतं, आपल्याकडे त्याने शंभरेक मीटरचा फरक सहज पडतो. पठारावर चालून जाईल, कड्याजवळ नाही.

अलिबागच्या किनाऱ्यावर पाण्यात पाय ठेवून उभा होतो आणि फोन उंची उणे ६४ मीटर दाखवत होता. कळसूबाईवर पण १६४६ ऐवजी १५८० च्या आसपास. फोन बिघडलाय? (वाचक, पनवेल)

नाही नाही, फोन चांगलाय! तुमच्या दोन्ही आकड्यांत फरक जवळजवळ सारखाच आहे, तिथेच उत्तर आहे. जीपीएस उंची मोजतं ती पृथ्वीच्या एका गुळगुळीत गणिती अंडाकृतीपासून. खरी समुद्रपातळी तशी गुळगुळीत नसते, गुरुत्वाकर्षण जिथे कमी-जास्त तिथे ती खाली-वर होते, आणि आपल्या बाजूला ती त्या गणिती पातळीच्या बरीच खाली आहे. महाराष्ट्राच्या किनाऱ्याला साठ-सत्तर मीटर, आणि श्रीलंकेच्या दक्षिणेला तर १०६ मीटर, जगातला सगळ्यात खोल खळगा तिथेच आहे. म्हणजे तुम्ही अलिबागला पाण्यात उभे राहून तो खळगा स्वतः मोजलात, मला तर हे पत्र वाचून फार आनंद झाला.

अँड्रॉइडमध्ये बरीच ॲप्स ही कच्ची उंची तशीच दाखवतात. ऑस्मअँडमध्ये डाउनलोडच्या यादीत जगासाठी उंची दुरुस्तीची एक छोटी फाईल आहे, ती घेतली की आकडा जागेवर येतो. तरीही जीपीएसची उंची आडव्या जागेपेक्षा ढोबळच असते, दहा-पंधरा मीटर इकडेतिकडे धरून चला.

बाबांचं जुनं हातातलं जीपीएस कपाटातून काढलं. जागा अगदी बरोबर दाखवतं पण तारीख साडेएकोणीस वर्षं मागची. वापरू का? (वाचक, कराड)

वापरा, पण एक सांभाळा. जीपीएसचा सिग्नल आठवडे मोजतो आणि १०२४ आठवडे झाले की परत शून्यावर येतो, शेवटचा असा फेरा ६ एप्रिल २०१९ ला झाला. जुन्या यंत्राला ते कळत नाही म्हणून ते १०२४ आठवडे, म्हणजे एकोणीस वर्षं आणि साडेसात महिने, मागे जातं. कंपनीचं नवं फर्मवेअर (यंत्राच्या आतलं सॉफ्टवेअर) अजून मिळत असेल तर टाका. नसेल तर सूर्यास्ताच्या वेळेचं जे पान असतं त्यावर अजिबात विसंबू नका, कारण वरचे साडेसात महिने ऋतूच बदलून टाकतात. डिसेंबरात ते मे महिन्याचा सूर्यास्त सांगेल, आपल्याकडे जवळपास तासाभराने उशिराचा, आणि तुम्ही उजेड आहे म्हणून निवांत बसाल.

मी डिसेंबरमध्ये न्यू जर्सीहून पुण्याला येतेय. बाबा ६४ वर्षांचे आहेत, अजून दर रविवारी किल्ल्यावर जातात. त्यांच्यासाठी वेगळं जीपीएस आणू की फोन पुरे? इथले मित्र म्हणतात उपग्रहावरून मेसेज पाठवणारं आण, रेंज नसतानाही कळेल. (वाचक)

ताई, मेसेज पाठवणारं कृपा करून आणू नका. भारतात उपग्रहावरून बोलणारी किंवा मेसेज पाठवणारी यंत्रं परवान्याशिवाय बाळगता येत नाहीत, गोव्याच्या विमानतळावर अशा यंत्रापायी ट्रेकर पाहुण्यांना पोलिसांकडे जावं लागलंय. नावं फार सारखी असतात म्हणून डबा नीट वाचा, गार्मिनचं जीपीएसमॅप ६७ हे नुसतं ऐकणारं, आणि ६७आय हे मेसेज पाठवणारं, एका अक्षराचा फरक आहे.

दिवसाच्या ट्रेकला फोन, पॉवर बँक आणि पाणी न शिरणारी पिशवी पुरते. पण बाबा भर पावसात जात असतील तर बटणांचं साधं यंत्र खरंच उपयोगी पडतं, ओल्या बोटांनी टच स्क्रीन धड चालत नाही, हे ज्यांनी जुलैत राजमाची केलाय त्यांना सांगायला नको. ईट्रेक्स २२एक्स सारखं यंत्र दोन पेन्सिल सेलवर २५ तास चालतं असं कंपनी सांगते, आणि सेल संपले तर पायथ्याच्या दुकानात मिळतात. मात्र तिकडे घेतलेल्या यंत्रात नकाशा तिकडचा असतो, म्हणून ओपनस्ट्रीटमॅपवरून केलेला भारताचा फुकट नकाशा मिळतो तो कार्डावर घालूनच त्यांच्या हातात द्या. आणि पहिले दोन रविवार तुम्ही स्वतः बरोबर जा, छोट्या स्क्रीनवर नाव टाइप करायला वेळ लागतो, ते कंटाळून कपाटात ठेवतील.

हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्यावर धुकं होतं, मित्राने मोबाईल बघत बघत "अजून वीस मीटर आहे कडा" म्हणून पुढे पाऊल टाकलं, आम्ही ओरडलो, कडा चार पावलांवर होता. गडावर चढणाऱ्या नळीच्या वाटेतही ठिपका या भिंतीतून त्या भिंतीत उड्या मारत होता. नाविक ही भारतीय उपग्रहांची यंत्रणा चालणारा फोन घेतला तर हे थांबेल का? (वाचक, जुन्नर)

ओरडलात ते फार बरं केलंत.

आधी नळीच्या वाटेचं. दोन्ही बाजूंना उंच कातळ असला की आकाशाची नुसती पट्टी उरते, उपग्रह कमी दिसतात, आणि जे सिग्नल येतात ते भिंतीवर आपटून फिरून येतात. फोनला वाटतं उपग्रह लांब आहे, म्हणून जागा चुकते. एल-१ आणि एल-५ अशा दोन्ही फ्रिक्वेन्सी ऐकणारा फोन आपटून आलेला सिग्नल बराच ओळखतो, त्यामुळे नवीन फोन घेणारच असाल तर हे बघून घ्या. नाविक हे इस्रोचं, सात उपग्रहांचं ठरवलेलं, भारत आणि भोवतालच्या १५०० किलोमीटरसाठीचं. पहिल्या पिढीतल्या काही उपग्रहांची अणुघड्याळं बंद पडली, नव्या पिढीतला पहिला २९ मे २०२३ ला गेला. ते असणं चांगलंच आहे, पण नुसत्या नाविकसाठी फोन बदलू नका.

आता कड्याचं. मोकळ्या आकाशाखाली चांगला फोन साधारण पाच मीटरपर्यंत बरोबर असतो. ठिपक्याभोवती जे फिकट निळं वर्तुळ दिसतं ना, ते फोनने स्वतः सांगितलेली चूक आहे, आणि अँड्रॉइडमध्ये त्याचा अर्थ असा की आपण त्या वर्तुळात असण्याची शक्यता ६८ टक्के. म्हणजे तीनातून एकदा तुम्ही वर्तुळाच्याही बाहेर असता! त्यात नकाशावर कड्याची जी रेघ आहे ती उपग्रहाच्या फोटोवरून कुणीतरी हाताने काढलेली, तिची चूक वेगळी. दोन्ही चुका एकाच दिशेला पडल्या की वीस मीटरची चार पावलं होतात, तुमच्या मित्राचं नेमकं हेच झालं.

म्हणून धुक्यात कड्यापाशी फोन खिशात टाका. मंदिराकडे परत यायला तो वापरा, बिनधास्त वापरा, आलेल्या ट्रॅकवरून मागे फिरायला त्याच्यासारखं साधन नाही. कड्याकडे जाताना मात्र धुकं हलेपर्यंत बसून राहा, नाहीतर पायथ्याच्या पाचनई गावातून वाट माहीत असलेला माणूस बरोबर घ्या आणि त्याच्या मागे चाला.