तो शेजारी बसला म्हणून गाडी डावीकडे जाते?

प्रश्न : माझी उंची पाच फूट, ज्याला भेटतेय तो सहा फूट एक इंच. मैत्रिणी ‘लंबू-टिंगू’ म्हणून पिडतात. त्यात माझी गाडी डावीकडे ओढते आणि ८०च्या पुढे स्टिअरिंग थरथरतं. ‘तो शेजारी बसतो ना, म्हणून!’ असं त्यांचं निदान. गाडी आम्ही आळीपाळीने चालवतो. काय तपासू?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : आधी त्याला दोषमुक्त करू. शेजारी एक माणूस बसला म्हणून धडधाकट गाडी अशी ओढत नाही.

सकाळी, टायर थंड असताना चारही चाकांची हवा मोजा. आकडा ड्रायव्हरच्या दाराच्या खांबावरच्या स्टिकरवर असतो. पुढच्या डाव्या चाकात हवा कमी असेल तर गाडी तिकडेच जाणार. पाणी वाहून जावं म्हणून रस्त्याला कडेकडे उतार असतो, त्यामुळे डाव्या लेनमध्ये थोडी ओढ जाणवतेच. चाचणी सपाट, रिकाम्या रस्त्यावर घ्या, हात स्टिअरिंगवरून न काढता.

तरीही ओढत असेल तर पुढची दोन चाकं आपसात बदलून घ्या (टायरवर फिरण्याच्या दिशेचा बाण असेल तर नको). ओढ उजवीकडे गेली, तर दोष टायरचा. नाही गेली, तर अलाइनमेंट, म्हणजे चाकांचे कोन बिघडलेत. पण त्याआधी टाय रॉड एंड (स्टिअरिंगला चाकाशी जोडणारा सांधा) आणि लोअर आर्मचे बुश (चाक धरणाऱ्या दांड्याचे रबरी सांधे) तपासायला सांगा. ते सैल असताना केलेलं अलाइनमेंट टिकत नाही, पैसे वाया जातात. गाडी थांबवल्यावर एकाच चाकाजवळ जास्त धग लागते का, तेही बघा. लागली तर ब्रेक कॅलिपर, म्हणजे चाकाला ब्रेक लावणारी पकड, अडकतोय. हात लावू नका, चटका बसतो.

थरथर वेगळी. ठरावीक वेगालाच येत असेल तर बहुतेक वेळा पुढच्या चाकांचं बॅलन्सिंग (चाकाचं वजन सगळीकडे सारखं असणं) गेलेलं असतं: रिमवरचं शिशाचं वजन पडलेलं, नाहीतर आतून चिखल वाळलेला. फक्त ब्रेक दाबल्यावर येत असेल तर ब्रेकची डिस्क बघा.

आता सीट. इथे मात्र तेरा इंचांचा फरक खरोखर मोजावा लागतो. क्लच पूर्ण दाबल्यावरही गुडघा किंचित वाकलेला हवा, आणि छाती ते स्टिअरिंगचा मध्य किमान २५ सेंटिमीटर, एअरबॅगसाठी. जवळ सरकावंच लागत असेल तर सीटची पाठ थोडी मागे कलती करा, सीट वर घ्या, स्टिअरिंग खाली. सुटी उशी घेऊ नका, ब्रेक लावताना ती सरकते. चालक बदलला की सीट, मग तिन्ही आरसे, नंतर बेल्ट, ह्याच क्रमाने. सीट पुढे-मागे करताना रुळाचे खटके मोजून ठेवा. तुमचा आकडा तुमचा, त्याचा त्याचा.

आणि मैत्रिणींचं म्हणाल तर चिडवू द्या. तुम्हाला दोघांना ती उंची खटकत नसेल, तर त्यात तपासण्यासारखं काहीच नाही. गाडीचं मात्र ह्याच आठवड्यात बघा, टायर एका बाजूने घासायला लागले की ते बदलावेच लागतात.