हायब्रीड गाडीवर डीलर एक पैसाही सोडायला तयार नाही. योग्य किंमत कशी ठरवायची?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: हायब्रीड गाडी (पेट्रोल इंजिनाच्या जोडीला विजेची मोटर आणि बॅटरी असलेली) पसंत पडली आहे, डीलर म्हणतो "या मॉडेलला मागणी इतकी आहे की एक पैसाही सुटणार नाही", आणि घासाघीस करणं तुमच्या स्वभावात नाही. मग योग्य किंमत कोणती आणि ती मिळवायची कशी?

मी बरीच वर्षं गाड्यांच्या एका शोरूममध्ये बिलिंगला होते. सौदा ठरला की कागद माझ्याकडे यायचा. तिथून दिसायचं ते असं, की जो तावातावानं भांडून मोठी सूट मिळवायचा त्याचंच बिल शेवटच्या ओळीत पुष्कळदा जास्त निघायचं. एक गृहस्थ अजून आठवतात. जाहीर किमतीवर भरघोस सूट घेऊन ते खुशीत उठले होते. पण त्याच बैठकीत त्यांच्या जुन्या गाडीचा भाव खाली आला होता, कर्जाचा दर त्यांना स्वतःच्या बँकेत मिळाला असता त्याहून चढा होता, आणि फ्लोअर मॅटपासून पेंट कोटिंगपर्यंतचं एक पॅकेज त्यांनी न वाचता सही केलेल्या कागदावर होतं. सूट खरी होती, फक्त ती तीन वाटांनी परत गेली होती. ते मला तेव्हाही खटकलं होतं, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

घासाघीस जमत नाही याची काळजी सोडा. इयन एअर्स आणि पीटर सीगलमन या दोन अभ्यासकांनी १९९५ मध्ये प्रसिद्ध केलेला शिकागोतल्या शोरूमचा एक अभ्यास आहे. वेगवेगळ्या माणसांना एकच संवाद शिकवून नवी गाडी घ्यायला पाठवलं होतं. बोलणं तेच, गाडी तीच, तरी गोऱ्या पुरुषांना सांगितलेली किंमत सर्वांत कमी आणि स्त्रियांना व कृष्णवर्णीयांना सांगितलेली जास्त निघाली. म्हणजे समोरासमोर बसून बोललेला आकडा तुमच्या वाक्चातुर्यावर ठरतोच असं नाही. समोरच्याचा तुमच्याबद्दलचा अंदाजही त्यात असतो. काही वर्षांनी इंटरनेटवरून किंमत मागवणाऱ्या ग्राहकांचा अभ्यास झाला, तेव्हा वंशानुसार पडणारा हा फरक जवळपास नाहीसा झालेला दिसला. म्हणून माझा सल्ला असा की शोरूममध्ये बसून सौदा करूच नका. गाडी बघायला, चालवायला जरूर जा. किंमत मात्र लेखी मागवा, आणि एकाच वेळी चार-पाच डीलरांकडून मागवा.

त्याआधी घरी बसून एक हिशेब करायचा आहे. हायब्रीडच्या बाबतीत तो सगळ्यात महत्त्वाचा, आणि तोच बहुतेक जण करत नाहीत. त्याच गाडीचं साधं पेट्रोल मॉडेल आणि हायब्रीड मॉडेल यांच्या किमतीतला फरक पैशांत बघू नका, लिटरमध्ये बघा. समजा तुमचं वर्षाला १५,००० किलोमीटर फिरणं होतं. पेट्रोल मॉडेल लिटरला १५ किलोमीटर देतं आणि हायब्रीड २४. पहिलीला १,००० लिटर लागतील, दुसरीला ६२५. वर्षाला ३७५ लिटर वाचले. गाडी सात वर्षं ठेवणार असाल तर २,६२५ लिटर. तुमच्या पंपावरचा आजचा दर त्याला लावा. इंधनाच्या बचतीतून वसूल होऊ शकणारा जास्तीत जास्त फरक तो. त्यापेक्षा जास्त द्यायचं असेल तर शांत इंजिनासाठी किंवा कमी धुरासाठी द्या, त्यात काही गैर नाही. पण ते जाणून द्या.

आता हाच हिशेब मोकळ्या हमरस्त्यावर फिरणाऱ्या माणसासाठी करा. हायब्रीडची खरी कमाई थांबत-चालत जाणाऱ्या रहदारीत असते, कारण ब्रेक लावताना एरवी उष्णता होऊन वाया जाणारी ऊर्जा मोटर बॅटरीत परत भरते, आणि हळू चालताना इंजिन बंद राहू शकतं. सलग वेगात हे दोन्ही फायदे आटतात. तिथे १८ विरुद्ध २३ असा फरक धरला तर वर्षाला १८० लिटरच्या आसपासच वाचतात, म्हणजे वरच्या आकड्याच्या निम्म्याहूनही कमी. गाडी तीच, डीलर तोच, पण तुमच्यासाठी योग्य असलेली किंमत बदलली. विक्रेता हे सांगणार नाही, कारण तुमचा रस्ता त्याला माहीत नसतो. आणि हिशेबात कंपनीच्या पत्रकावरचं मायलेज घेऊ नका. ते प्रयोगशाळेत मोजलेलं असतं. तीच गाडी वापरणाऱ्या दोघा-तिघांना विचारा.

इथेच आणखी एक खात्री करून घ्या. "हायब्रीड" या एका शब्दाखाली तीन निरनिराळ्या गाड्या विकल्या जातात. माइल्ड हायब्रीडमधली छोटी मोटर इंजिनाला नुसती मदत करते, ती एकटी गाडी ओढत नाही. स्ट्राँग किंवा फुल हायब्रीड काही अंतर केवळ मोटरवर चालते. प्लग-इनमध्ये बॅटरी मोठी असते आणि ती बाहेरून चार्ज करता येते. विक्रेत्याला एकच प्रश्न विचारा: "इंजिन पूर्ण बंद असताना ही गाडी मोटरवर चालते का?" उत्तर नाही असेल तर माइल्ड हायब्रीडला स्ट्राँगचा भाव लावला जात नाही ना, हे बघा. इंधनातली बचत या तिघींत फार वेगळी असते.

आता डीलरच्या बाजूनं बघू. आवारातल्या गाड्या त्यानं बहुतेकदा कर्जावर आणलेल्या असतात आणि त्यावर रोज व्याज चढतं. कंपनी त्याला महिन्याचं, तिमाहीचं टार्गेट देते. ते पूर्ण झालं की जादा रक्कम मिळते, थोडक्यात हुकलं तर ती पूर्ण जाते. त्यामुळे महिन्याच्या शेवटच्या दोन-तीन दिवसांत एका गाडीवरचा नफा सोडून देणं त्याला कधीकधी परवडतं. हे मी प्रत्यक्ष पाहिलेलं आहे. वीस तारखेला "अशक्य" असलेला आकडा तीस तारखेला बिलावर यायचा. शिवाय त्याची कमाई गाडीच्या किमतीवर थांबत नाही. कर्ज, विमा, ॲक्सेसरीज, वाढीव वॉरंटी, जुनी गाडी या प्रत्येकात त्याचा वाटा असतो. म्हणून "एक पैसाही सुटणार नाही" हे जाहीर किमतीबद्दल खरं असलं, तरी पूर्ण बिलाबद्दल ते क्वचितच खरं असतं.

हायब्रीडवर खरोखरच सूट मिळत नाही असे काळही येतात, हे मान्य करायला हवं. इंधन महागलं की सगळे एकदम हायब्रीडकडे वळतात आणि कारखान्यातून गाड्या तेवढ्या वेगानं येत नाहीत. जुलै २००८ मध्ये कच्चं तेल पिंपाला १४७ डॉलरपर्यंत चढलं आणि त्याच वर्षाच्या शेवटी ४० डॉलरच्याही खाली उतरलं. त्या तेजीत घाईघाईनं जादा पैसे मोजून हायब्रीड घेतलेल्यांचा हिशेब सहा महिन्यांत कोसळला. २०२१ मध्ये गाडीत लागणाऱ्या इलेक्ट्रॉनिक चिपच्या टंचाईनं तसंच झालं, गाड्याच मिळेनात. अशा वेळी तुमच्या हातात एकच खरं बळ असतं, थांबण्याचं. तीन महिने थांबता येत असेल, किंवा रंगाचा, व्हेरिएंटचा हट्ट नसेल, तर ते डीलरला कळू द्या. दुसऱ्या कुणी बुकिंग रद्द केलेली गाडी त्याच्या गळ्यात पडलेली असते. ती कमी किमतीत घेणारा माणूस त्याला हवा असतो.

लेखी किंमत मागवताना मी साधारण असा निरोप पाठवते: "मला अमुक मॉडेल, अमुक व्हेरिएंट घ्यायचं आहे. रंग या तिन्हींपैकी कोणताही चालेल. या महिन्यात निर्णय घेणार आहे आणि पाच ठिकाणी विचारलं आहे. कृपया गाडी रस्त्यावर येईपर्यंतची एकूण रक्कम, प्रत्येक बाब वेगळ्या ओळीत लिहून पाठवा. ॲक्सेसरीज, वाढीव वॉरंटी, विमा आणि कर्ज यांत धरू नका. गाडी कोणत्या महिन्यात बनलेली आहे तेही कळवा." कुणी फोन करून "मॅडम, आधी शोरूमला या, मग बोलू" म्हणालं तर शांतपणे सांगा की आकडा आला की लगेच येते. पाचातले दोघं काहीच पाठवणार नाहीत. पाठवणाऱ्यांत मात्र आश्चर्य वाटावं इतकी तफावत निघते, आणि ती जाहीर किमतीत नसते. खालच्या ओळींत असते: हाताळणी खर्च, "अत्यावश्यक" किट, कागदपत्रांचं शुल्क. सरकारी कर आणि नोंदणी यांच्या ओळी सगळीकडे सारख्याच असतात. ज्या ओळी डीलरगणिक बदलतात त्या डीलरच्या हातातल्या, आणि बोलणी फक्त त्यांच्यावर करायची. सर्वांत कमी आलेला कागद तुमच्या सोयीच्या डीलरला दाखवा आणि विचारा, "एवढ्यात जमेल का?" एवढीच काय ती घासाघीस.

गाडी बनल्याचा महिना मी उगाच विचारत नाही. बरेच महिने उभ्या राहिलेल्या हायब्रीडची साधी १२ व्होल्टची बॅटरी उतरते, आणि मोटर चालवणाऱ्या मुख्य बॅटरीचा चार्जही हळूहळू कमी होतो. अशी गाडी घेऊच नये असं नाही. पण मग किंमत त्याप्रमाणे उतरायला हवी, बॅटरीची तपासणी करून लेखी द्यायला हवी, आणि १२ व्होल्टची बॅटरी नवी मागायला हवी. डेमो गाडी, म्हणजे ग्राहकांना चालवून बघायला ठेवलेली, मिळत असेल तर वॉरंटी कोणत्या तारखेपासून सुरू झाली हे आधी विचारा. ती कदाचित तुमच्या आधीच धावायला लागलेली असेल.

बोलताना विक्रेता हमखास विचारेल, "महिन्याला किती हप्ता परवडेल?" याचं उत्तर देऊ नका. हप्त्यावर बोलणी सुरू झाली की किंमत नजरेआड होते. ९ टक्के दरानं घेतलेल्या प्रत्येक १०० च्या कर्जावर पाच वर्षांत साधारण २५ व्याज जातं, सात वर्षांत ३५. हप्ता मात्र जवळजवळ पाव भागानं कमी दिसतो, आणि माणसाला वाटतं गाडी स्वस्त पडली. आपल्या बँकेतून दर आधी विचारून ठेवा. डीलरचा त्याहून कमी निघाला तर आनंदानं घ्या. जुन्या गाडीचंही तसंच. नव्या गाडीचा आकडा कागदावर पक्का होईपर्यंत जुनीचा विषय काढू नका, आणि बाहेर दोन ठिकाणी तिचा भाव काढून ठेवा.

वाढीव वॉरंटीबद्दल भीती घालून विकलं जातं: "हायब्रीड आहे, उद्या काही झालं तर?" पुष्कळ स्ट्राँग हायब्रीडमध्ये वेगळा स्टार्टर आणि अल्टरनेटर नसतो, क्लच नसतो, आणि मोटर ब्रेकचं बरंचसं काम करत असल्यानं ब्रेक पॅडही जास्त टिकतात. महागडा भाग म्हणजे मुख्य बॅटरी, आणि तिला अनेक कंपन्या गाडीपेक्षा वेगळी, आठ वर्षं किंवा त्याहून जास्त वॉरंटी मुळातच देतात. म्हणून वाढीव कागद घेण्याआधी मूळ वॉरंटीचा कागद मागून वाचा. गाडी विकली तर ती पुढच्या मालकाला लागू होते का, आणि बॅटरी थंड ठेवणाऱ्या पंख्याची जाळी ठरलेल्या वेळी साफ करण्यासारखी काही अट आहे का, हे त्यात शोधा. ही जाळी तुंबून बॅटरी तापते; मागच्या सीटजवळ सामान रचणाऱ्यांच्या गाड्यांत हे होतं.

आणि सगळं करूनही जाहीर किमतीवर काहीच सुटलं नाही, तर? तुमचा लिटरचा हिशेब ती किंमत सोसत असेल तर गाडी घ्या, पण बिलात नको असलेली एकही ओळ ठेवू नका, आणि बुकिंगच्या पावतीवर तीन गोष्टी लिहून घ्या: मधल्या काळात किंमत वाढली तर कोण भरणार, डिलिव्हरीची तारीख, आणि ती टळली तर बुकिंगची पूर्ण रक्कम परत. हिशेब सोसत नसेल तर डीलरला तसं स्पष्ट सांगा, तुमचा आकडा आणि फोन नंबर त्याच्याकडे ठेवा आणि या. महिनाअखेरीला मी स्वतः असे बाजूला ठेवलेले कागद काढून त्यांवरच्या नंबरांना फोन लावलेले आहेत.