बारा खाटांचे हॉस्पिस पारखायचे कशावरून?

प्रश्न : माझे वडील ७१ वर्षांचे असून त्यांना गालाच्या आतील भागाचा कर्करोग आहे. मुंबईत शस्त्रक्रिया आणि किरणोपचार झाले, परंतु दीड वर्षाने आजार पुन्हा उफाळला. आता रोगावर उपाय उरलेला नाही, त्रास कमी ठेवणे एवढेच हाती आहे, असे डॉक्टरांनी आम्हाला स्पष्ट सांगितले. वडिलांना मात्र कोणीही काही सांगितलेले नाही. गालावर जखम उघडी पडली आहे, अन्न नाकातील नळीतून द्यावे लागते आणि रात्री वेदना फार वाढतात. आमच्या घरापासून वीस किलोमीटरवर एका न्यासाचे बारा खाटांचे हॉस्पिस, म्हणजे बरे न होणाऱ्या रुग्णांचा त्रास कमी ठेवणारे शुश्रूषाकेंद्र, आहे. तेथे डॉक्टर आठवड्यातून तीन दिवस येतात आणि तीन परिचारिका पाळीपाळीने असतात. इंटरनेटवर त्याच्याविषयी जेमतेम चार अभिप्राय आहेत; दोन अतिशय चांगले, दोन अतिशय वाईट. न्यू जर्सीतला धाकटा भाऊ रोज फोनवर ‘रेटिंग काय आहे?’ असे विचारतो. काकांचे म्हणणे असे की, इतक्या लहान आणि तेही फुकटच्या जागी ठेवण्यापेक्षा मोठ्या रुग्णालयात स्वतंत्र खोली घ्यावी. निर्णय कशाच्या आधारे करावा?
— एक वाचक, सांगली जिल्हा

उत्तर : तुमच्या भावाचा प्रश्न तो राहतो त्या देशात अगदी रास्त आहे. अमेरिकेत मेडिकेअर या सरकारी आरोग्य विमा योजनेच्या संकेतस्थळावर हॉस्पिसांना तारे दिलेले असतात, आणि रुग्णाच्या निधनानंतर कुटुंबीयांनी भरून दिलेल्या प्रश्नावल्यांवरून ते ठरतात. मात्र अशा किमान ७५ प्रश्नावल्या जमल्याखेरीज तेथेही तारे देत नाहीत, त्यामुळे लहान हॉस्पिसांच्या नावापुढची जागा पुष्कळदा रिकामी राहते. हे त्याला जरूर सांगा. तुमच्या बारा खाटांचा हिशोब करून पाहा. एक रुग्ण सरासरी तीन आठवडे राहतो असे धरले, तर सगळ्या खाटा भरलेल्या असूनही वर्षाला दोनशेच्या आसपास रुग्ण होतात. त्यांपैकी दहांतल्या एका घराने काही लिहिले तरी वीस अभिप्राय होतील, आणि एवढ्यावरून सरासरी काढणे म्हणजे दोन शितांवरून गावजेवणाची परीक्षा करण्यासारखे आहे. शिवाय हे अभिप्राय सुतकात लिहिलेले असतात. एका घरात धाकट्या भावाचे विमान वेळेवर पोचले नाही याचा राग सिस्टरवर निघालेला मी पाहिला आहे. एरवी रुग्णालय जोखताना किती रुग्ण बरे होऊन घरी गेले हे विचारता येते. येथे तो प्रश्नच गैरलागू आहे.

म्हणून मी सगळी पारख एका प्रश्नावर आणून ठेवतो: रात्री दोन वाजता वडिलांना असह्य वेदना सुरू झाल्या, तर कोण उठेल, त्याच्या हातात कोणते औषध असेल आणि ते देण्याचा अधिकार त्याला आहे का? जागा किती मोठी आहे, फरशी कशी आहे, बागेत झोपाळा आहे की नाही, या गोष्टी त्यानंतर पाहाव्यात.

कर्करोगाच्या तीव्र वेदनेवर मॉर्फिनच्या गोळीला तोड नाही, आणि ती महागही नाही. अमली पदार्थांच्या कायद्यात २०१४ साली दुरुस्ती होईपर्यंत ती मिळवण्यासाठी रुग्णालयांना निरनिराळ्या परवान्यांसाठी खेटे घालावे लागत. आता राज्याच्या औषध नियंत्रकांकडून ‘मान्यताप्राप्त वैद्यकीय संस्था’ म्हणून एकच मान्यता घेतली की साठा ठेवता येतो. तेव्हा पहिला प्रश्न सरळ विचारा: ‘तुमच्याकडे ही मान्यता आहे का, आणि मॉर्फिनच्या गोळ्या आज कपाटात आहेत का?’ प्रश्नाचा दुसरा भाग पहिल्याइतकाच महत्त्वाचा आहे. मान्यता भिंतीवर आणि कपाट रिकामे, अशीही स्थिती असते. ‘आम्ही ट्रामाडॉलचे इंजेक्शन देतो’ असे उत्तर आले, तर ते औषध एका मर्यादेपलीकडे वाढवता येत नाही हे लक्षात ठेवा. ‘आम्ही पॅच लावतो’ असे म्हणाले, तर फेंटानिल या वेदनाशामकाचा, त्वचेवर चिकटवायचा पॅच स्थिर वेदनेसाठी चांगला असला, तरी त्याचा असर चढायला अनेक तास लागतात, त्यामुळे दोन वाजताच्या कळेवर त्याचा उपयोग नाही.

मॉर्फिनची साधी गोळी साधारणपणे दर चार तासांनी देतात आणि मध्येच कळ उठली तर द्यावयाची जादा मात्रा डॉक्टरांनी केसपेपरवर आधीच लिहून ठेवायची असते. डॉक्टर आठवड्यातून तीनच दिवस येतात, याने मला तितकेसे बिचकायला होत नाही. पण ही जादा मात्रा लिहून ठेवण्याची पद्धत तेथे नसेल, तर उरलेल्या चार दिवसांत सिस्टरच्या हाती केवळ सहानुभूती राहते. तुमच्या वडिलांच्या बाबतीत आणखी एक बारकावा आहे. नळीतून औषध द्यायचे असल्याने साधी गोळी पाण्यात विरघळवून देता येते, मात्र औषध सावकाश सोडणारी गोळी कधीही कुटून द्यायची नसते. हे तेथील सिस्टरना विचारून पाहा. त्यांनी क्षणाचाही विलंब न लावता उत्तर दिले, आणि मॉर्फिनबरोबर बद्धकोष्ठाचे औषध पहिल्या दिवसापासून सुरू करावे लागते हे आपणहून सांगितले, तर ते भिंतीवरच्या चार प्रमाणपत्रांपेक्षा मोलाचे आहे.

आता तीन परिचारिकांविषयी. आठ तासांच्या तीन पाळ्या धरल्या तर आठवड्याच्या एकवीस पाळ्या होतात, म्हणजे तिघींपैकी प्रत्येकीला सातही दिवस काम. सुट्टी नाही, आजारपण नाही, घरचे लग्न नाही. हे कोणालाही निभणारे नाही. त्याअर्थी काही रात्री तेथे परिचारिका नसते, किंवा एकीला दोन पाळ्या सलग कराव्या लागतात. त्या रात्री वॉर्ड कोण सांभाळते हे विश्वस्तांना नव्हे, वॉर्डात काम करणाऱ्या मावशींना विचारा. मावशी खरे सांगतात. लहान संस्थेचे दुखणे बहुधा इथेच असते. वृत्ती चांगली, माणसे प्रेमळ, पण सगळा डोलारा दोन-तीन जणांच्या खांद्यावर, आणि त्यांतले एक डॉक्टर गावाला गेले की फोन उचलणारे दुसरे कोणी नसते. अशा वेळी बोलावण्यासाठी दुसऱ्या डॉक्टरांशी बोलणे झालेले आहे का, आणि त्या दोघांपैकी कोणी उपशामक उपचारांचे, म्हणजे रोगाऐवजी त्रास कमी करण्याच्या उपचारांचे, शिक्षण घेतले आहे का, हे विचारणे उद्धटपणाचे नाही. इंडियन असोसिएशन ऑफ पॅलिएटिव्ह केअर ही संस्था १९९४ पासून काम करते आणि डॉक्टर व परिचारिकांसाठी प्रमाणपत्र अभ्यासक्रमही चालवते. चांगल्या ठिकाणी असे प्रश्न कोणी विचारले की उलट बरे वाटते.

जागा पाहायला दोनदा जा. एकदा ठरवून, एकदा न कळवता, शक्यतो संध्याकाळी सातनंतर. दारातून आत शिरताच नाक काय सांगते ते पाहा. तोंडाच्या कर्करोगाच्या उघड्या जखमेला उग्र वास येतो, आणि त्या वासाच्या लाजेने रुग्ण माणसांपासून तोंड फिरवतो. मेट्रोनिडॅझोलची पूड जखमेवर टाकून नियमित ड्रेसिंग केले, तर हा वास पुष्कळ आटोक्यात राहतो. त्यामुळे असे रुग्ण असलेल्या वॉर्डात वास कमी असेल, तर कोणीतरी रोज नीट काम करत आहे. नुसता फिनेलचा भपकारा असेल, तर तो जखमेवरचा उपाय नव्हे. जखमेतून अचानक मोठा रक्तस्राव होण्याची शक्यता तुमच्या डॉक्टरांनी बोलून दाखवली असेल, तर तशा प्रसंगी काय करता हेही विचारा. जाणत्या ठिकाणी खाटेजवळ गडद रंगाचे, बहुधा तपकिरी किंवा मरून टॉवेल घडी करून ठेवलेले असतात, कारण पांढऱ्या चादरीवर रक्त पाहून रुग्ण आणि नातेवाईक दोघेही हादरतात. झोप आणणारे इंजेक्शनही हाताशी असते. ही तयारी दिसली, तर ती माणसे अशा प्रसंगातून आधी गेलेली आहेत.

पडून राहून पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून रुग्णाची कूस बदलत राहावी लागते, आणि खाटेच्या पायथ्याशी त्याचा तक्ता टांगलेला असतो. तो मी नेहमी वाचतो. एका संस्थेत मी दुपारी चारला गेलो होतो आणि तक्त्यावर रात्री आठपर्यंतच्या नोंदी एकाच शाईने, एकाच सुबक अक्षरात भरून झालेल्या होत्या. सगळ्या चौकटी पूर्ण, एकही खाडाखोड नाही. तेथील आजींची पाठ पाहण्याची गरज नव्हती, तरी पाहिली. माकडहाडावर रुपयाएवढी जखम होती. दुसऱ्या एका ठिकाणी तक्ता अगदी गचाळ होता, दोन चौकटी रिकाम्या होत्या आणि तिसरीत लिहिले होते: ‘पहाटे २ : गाढ झोप लागली आहे, उठवले नाही.’ मला तो गचाळ तक्ता विश्वासाचा वाटला. महाराष्ट्रातील शुश्रूषागृह नोंदणीच्या नियमांनुसार रुग्णहक्कांची सनद आणि दरपत्रक दर्शनी भागात लावावे लागते. नोंदणीच्या प्रमाणपत्राबरोबर तेही पाहून घ्या, पण त्यावर फार वेळ घालवू नका.

तुमच्या पत्रातील एका वाक्याशी मी अधिक थांबलो: वडिलांना कोणी काही सांगितलेले नाही. आपल्याकडे बहुतेक घरांत हेच होते आणि ते प्रेमापोटीच होते. तरी ७१ वर्षांच्या ज्या माणसाच्या गालावर जखम आहे आणि जो मुंबईहून उपचार थांबवून परतला आहे, त्याला काहीच कळलेले नाही असे मला वाटत नाही. हॉस्पिसच्या डॉक्टरांना तुम्ही सांगून पाहा, ‘बाबांना काही सांगू नका.’ ‘बरं, नाही सांगत’ असे म्हणून त्यांनी विषय मिटवला, तर सावध व्हा. ‘तुम्ही गप्प राहायला सांगता, पण काय सांगायचे ते मीच ठरवणार’ अशा थाटात पहिल्याच दिवशी वडिलांना सारे सांगून टाकणारेही नकोत. चांगला डॉक्टर म्हणतो, ‘मी आपणहून काही सांगणार नाही, पण त्यांनी मला विचारले तर खोटे बोलणार नाही, आणि त्याआधी तुम्हाला काय भीती वाटते ते बोलू.’ हा संवाद कसा होतो, डॉक्टर खुर्ची ओढून बसतात की दाराशी उभ्याने बोलतात, यावरून त्या जागेची प्रत इतर कशाहूनही लवकर कळते. वडिलांना जमिनीचे कागद करायचे असतील, बहिणीला भेटायचे असेल, पंढरपूरला कोणाला तरी पाठवायचे असेल. आजार लपवण्याच्या नादात या गोष्टी राहून जातात.

काकांच्या सूचनेकडे येतो. ‘फुकट म्हणजे हलके’ हा समज येथे लागू पडत नाही. भारतातील पहिले हॉस्पिस, वांद्र्याचे शांती आवेदना सदन, डॉ. लुईस जोसे डिसोझा यांनी १९८६ मध्ये सुरू केले. पुण्यात वारज्याचे सिप्ला केंद्र १९९७ पासून आहे. दोन्ही ठिकाणी रुग्णाकडून पैसे घेत नाहीत. उलट पैसे घेणारे एखादे ‘केअर सेंटर’ वृद्धाश्रमाची पाटी बदलून हॉस्पिस झालेले असू शकते. मोठ्या रुग्णालयाची खरी अडचण खोलीच्या भाड्याची नसते. तेथे धाप वाढली की अतिदक्षता विभागात हलवण्याची सवय सगळ्यांच्या अंगवळणी पडलेली असते, आणि रात्रीच्या शिकाऊ डॉक्टरला ‘नको’ म्हणणे घरच्यांना जमत नाही. सन्मानाने मरण्याचा हक्क आणि त्यासाठी आगाऊ इच्छापत्र (अखेरच्या काळात कोणते उपचार नकोत हे आधीच लिहून ठेवणे) सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये मान्य केले आणि २०२३ मध्ये त्याची पद्धत सोपी केली. वडील बोलायला तयार झाले, तर त्यांना काय हवे, काय नको, हे त्यांच्याकडूनच कळू द्या. तुमच्या जिल्ह्यातील एखाद्या मोठ्या रुग्णालयात उपशामक उपचारांचा स्वतंत्र विभाग असेल, तर मात्र काकांचे म्हणणे विचारात घेण्याजोगे आहे. प्रश्न तेथेही रात्री दोनचाच विचारायचा.

आणि हॉस्पिसची माणसे घरी येऊन पाहतात का, हेही विचारा. नळी बदलणे, ड्रेसिंग, औषधाची मात्रा वाढवणे ही कामे घरी होऊ शकतात. वेदना एकदा आटोक्यात आली की काही दिवस घरी, काही दिवस तेथे, असे करणारी कुटुंबे आहेत. वीस किलोमीटर हे अंतर त्याच्या आड येणारे नाही.

मॉर्फिनचा साठा आणि रात्रपाळीची सोय या दोन प्रश्नांना समाधानकारक उत्तरे मिळाली, तर बाकीच्या त्रुटी असूनही मी तुमच्या जागी ते बारा खाटांचे ठिकाणच निवडले असते. उत्तरे मिळाली नाहीत, तर मावशी कितीही मायेच्या असोत, तेथे ठेवू नका. दाखल करायचे ठरले, तर सकाळी न्या आणि डॉक्टर येण्याच्या दिवशीच न्या. मुंबईच्या डॉक्टरांची अखेरची चिठ्ठी, सध्या सुरू असलेल्या सगळ्या गोळ्यांची पाकिटे आणि शेवटची मात्रा किती वाजता दिली याची नोंद बरोबर असू द्या, म्हणजे पहिल्या रात्रीची मात्रा चुकणार नाही.