प्रायमरी चेनचा टेन्शनर गेलाय, नवीन कुठल्या प्रकारचा घ्यावा?

तुम्ही लिहिलंय की मोटरसायकलचं कव्हर उघडल्यावर टेन्शनरच्या (चेनची ढिलाई आवरणाऱ्या भागाच्या) पॅडमध्ये दोन खोल चऱ्या दिसल्या, एका टोकाचा तुकडाही उडालाय. आता तीन पर्याय समोर आहेत: मूळचा रॅचेटवाला ऑटोमॅटिक, नुसत्या स्प्रिंगवर चालणारा आणि हाताने सेट करायचा मॅन्युअल. चेनबद्दल मात्र तुम्ही एक अक्षर लिहिलेलं नाही, आणि माझं सगळं उत्तर तिथेच अडलंय.

आधी एक खात्री करून घ्या. पुष्कळ लोक टायमिंग चेनचा टेन्शनर आणि हा टेन्शनर यांत गल्लत करतात. टायमिंग चेन क्रँककडून वर कॅमशाफ्टकडे जाते. प्रायमरी चेन क्रँककडून मागे क्लचकडे. बऱ्याच गाड्यांत प्रायमरीला चेन नसतेच, गिअर असतात. तुम्ही क्लचच्या बाजूचं कव्हर काढून पॅड डोळ्यांनी पाहिलंय, म्हणजे तुमचा प्रश्न बरोबर जागीच आहे. हे वाचणाऱ्या बाकीच्यांसाठी सांगितलं.

आता माझी फजिती. माझ्या गाडीत मॅन्युअल टेन्शनर होता. आयडलिंगला खडखड यायला लागली, पॅड घासलेला दिसला, नवा आणून बसवला. चेन जिथे उभी होती तिथेच बोटाने दाबून पाहिली, प्ले (चेनची वर-खाली हालचाल) ठीक वाटला, लॉकनट आवळला, कव्हर लावलं. आठवडाभर गाडी शांत. मग खडखडीच्या जागी शिट्टीसारखा आवाज आला, आरपीएम वाढेल तसा चढणारा. पुन्हा उघडलं, या वेळी स्पार्क प्लग काढून इंजिन हाताने थोडं थोडं फिरवत प्रत्येक जागी प्ले मोजला. एका ठिकाणी चेन चांगली ढिली, दुसऱ्या ठिकाणी जवळजवळ तारेसारखी ताणलेली. मी पहिल्यांदा नेमकी ढिल्या जागी सेट केली होती. पॅडचा काहीच दोष नव्हता.

चेन सगळीकडे सारखी झिजत नाही. काही कड्यांच्या पिना जास्त झिजतात, काहींच्या कमी. स्प्रॉकेट (चेनचं दातेरी चाक) थोडंसं जरी एका बाजूला झिजलेलं असलं तरी त्यात भर पडते. म्हणून टेन्शनरची ऑर्डर द्यायच्या आधी हे करा: इंजिन थंड, गाडी न्यूट्रलमध्ये, प्लग बाहेर. दोन्ही स्प्रॉकेटच्या मधोमध चेन वर-खाली हलवा आणि स्टीलच्या पट्टीवर एकूण हालचाल बघा. इंजिन थोडं फिरवा, परत मोजा. चेनची पूर्ण फेरी होईपर्यंत करा. सगळ्यात कमी आणि सगळ्यात जास्त असे दोन आकडे कागदावर लिहा.

आता सर्व्हिस मॅन्युअलमधला आकडा काढा. प्रत्येक गाडीचा वेगळा असतो, ऐकीव आकडा चालत नाही. उदाहरण म्हणून, मॅन्युअल ॲडजस्टरच्या काळातल्या हार्ली-डेव्हिडसनच्या मोठ्या गाड्यांना थंड असताना १६ ते २२ मिमी प्ले सांगितलेला असतो, गरम असताना ९.५ ते १६. त्याच कंपनीच्या स्पोर्टस्टरला थंड असताना ९.५ ते १२.७ मिमी. यातली १६ ते २२ ही खिडकी ६ मिमीची आहे. तुमच्या दोन आकड्यांतला फरक तुमच्या गाडीच्या खिडकीपेक्षा मोठा निघाला, तर जगातला कुठलाही टेन्शनर ती चेन नीट सेट करू शकत नाही. घट्ट जागा सांभाळली की ढिली जागा सुटते आणि उलट. अशा वेळी चेन बदला, दात हुकासारखे वळले असतील तर स्प्रॉकेटही बदला, आणि मगच टेन्शनरचा विचार करा.

जुन्या जावा-येझदी २५० मध्ये प्रायमरी चेनला टेन्शनरच नव्हता. चेन सैल झाली की बदलायची, विषय संपला. मार्क ३ च्या आधीच्या नॉर्टन कमांडोमध्येही टेन्शनर नाही, तिथे अख्खा गिअरबॉक्स मागे सरकवून चेन ताणतात (आणि मग मागची चेन पुन्हा सेट करत बसतात). टेन्शनर ही सोय आहे, झिजलेल्या चेनवरचं औषध नाही.

थंड आणि गरम आकडा वेगळा का, हे समजलं की तीन प्रकारांतला फरकही आपोआप कळतो, म्हणून इथे थोडा थांबतो. केसिंग ॲल्युमिनियमची, चेन पोलादाची. ॲल्युमिनियम तापल्यावर पोलादाच्या जवळपास दुप्पट फुगतं. दोन स्प्रॉकेटच्या मध्यांतलं अंतर ३०० मिमी धरा आणि तापमान ६० अंशांनी वाढलं असं धरा. ॲल्युमिनियम साधारण ०.४ मिमी वाढेल, पोलाद ०.२. म्हणजे स्प्रॉकेट एकमेकांपासून चेनच्या मानाने ०.२ मिमी लांब गेली. वरचा आणि खालचा असे चेनचे दोन पदर असल्यामुळे एकूण ०.४ मिमी ढिलाई नाहीशी झाली. ऐकायला किरकोळ वाटतं. पण ढिलाई एका पदरात गोळा झालेली असताना मधोमध २२ मिमी प्ले दिसायला फक्त ०.८ मिमी जास्तीची लांबी पुरते. त्यातली ०.४ गेली की प्ले उतरतो १६ मिमीच्या आसपास. हिशेब ढोबळ आहे, पण वरच्या आकड्यांशी कसा जुळतो बघा.

आता रॅचेटवाला. त्याच्या आत स्प्रिंग आणि दातेरी पाचर असते. चेन ढिली पडली की पाचर एक दात पुढे सरकते आणि मागे येत नाही. कल्पना छान आहे, कारण पॅड झिजेल तसं अंतर आपोआप भरून निघतं. घोळ असा की ती पाचर चेनच्या सगळ्यात ढिल्या क्षणावर बसते. चेन असमान झिजलेली असेल, तर ढिली जागा पॅडवरून जाताना एक दात चढतो आणि मग घट्ट जागा दर फेरीला पॅडवर आदळते. थंडीत स्टार्ट करताना चेन फडफडली की आणखी एक दात, आणि इंजिन तापल्यावर वर सांगितलेला ०.४ मिमीचा हिशेब आहेच. जास्त ताणलेल्या चेनचा भार पॅडवर येतोच, शिवाय क्रँकच्या आणि गिअरबॉक्सच्या मुख्य शाफ्टच्या बेअरिंगवरही येतो. हार्लीच्या मोठ्या गाड्यांत २००७ पासून (त्यांतल्या डायना मालिकेत २००६ पासून) ऑटोमॅटिक टेन्शनर आला, आणि त्याच्या जागी बसणारे मॅन्युअल टेन्शनर बाजारात आले ते याच तक्रारीमुळे.

स्प्रिंगवाल्यात पाचर नसते, त्यामुळे तो मागेही येतो. गरम झाल्यावर चेन ताणली तर पॅड दबतो, हा त्याचा मोठा गुण. अडचण इंजिन ब्रेकिंगला येते. ॲक्सिलरेटर दिला की इंजिन चेनचा वरचा पदर ओढतं, खालचा सैल राहतो. ॲक्सिलरेटर सोडला की चाक इंजिनाला फिरवायला बघतं आणि खालचा पदर ताठ होतो. पॅड खालच्या पदरावर असेल तर त्या क्षणी चेन त्याला ढकलते. स्प्रिंग मऊ असेल तर तो नाचतो आणि खडखड परत येते. कडक असेल तर सतत दाबून राहतो आणि पॅड लवकर झिजतो.

मॅन्युअलमध्ये बिघडण्यासारखं काही नसतं: एक पॅड, एक ब्रॅकेट, बोल्ट किंवा स्क्रू आणि लॉकनट. तो तुमच्या हाताइतकाच चांगला. माझी फजिती वर वाचलीच आहे.

म्हणून माझं मत असं. चेन मोजून खिडकीत बसली आणि तुम्ही स्वतः तपासणीचं झाकण उघडून दर सर्व्हिसला प्ले बघणार असाल, तर मॅन्युअल घ्या. गाडी दुसऱ्याच्या हातात देऊन विसरून जाणार असाल, तर मूळचा ऑटोमॅटिक घ्या, पण नव्या चेनवर; जुन्या असमान चेनवर नवा रॅचेट बसवणं मला पटत नाही. स्प्रिंगवाला मी तिसऱ्या नंबरवर ठेवतो. लांबच्या सपाट रस्त्यावर एका वेगाने चालणाऱ्या गाडीला तो ठीक. घाटात सारखं इंजिन ब्रेकिंग करत असाल तर नको.

पार्ट मागवताना मॉडेलच्या नावावर भरोसा ठेवू नका. एकाच नावाच्या गाडीत वर्षागणिक ब्रॅकेट बदलतं, भोकांचं अंतर बदलतं. चेन एकपदरी, दुपदरी की तिपदरी (म्हणजे कड्यांच्या शेजारी-शेजारी किती रांगा) ते बघा आणि पॅडची रुंदी जुळवा. आधीच्या मालकाने इंजिनाचं स्प्रॉकेट कमी-जास्त दातांचं टाकलं असेल तर पॅडची बसायची उंचीही बदलते. दात मोजून घ्या. पॅडचं प्लास्टिक गरम तेलात टिकणारं हवं, आणि जुन्या पद्धतीचा पोलादी पट्टीवर रबर चिकटवलेला पॅड असेल तर कडेला नख घालून बघा, रबर सुटायला तिथूनच सुरुवात होते. उथळ चऱ्या नव्या पॅडलाही थोड्याच दिवसांत पडतात, त्याला घाबरू नका. तुकडा उडणं, तडे जाणं, तपकिरी जळका रंग येणं या वेगळ्या गोष्टी.

तो तुमच्या पॅडचा उडालेला तुकडा मात्र शोधा. ड्रेन प्लगच्या चुंबकाला प्लास्टिक चिकटत नाही, त्यामुळे तेल गाळून बघा, क्लच बास्केटच्या मागेही बघा. त्याच वेळी दोन्ही स्प्रॉकेटवर सरळ पट्टी धरून ती एका रेषेत आहेत का ते तपासा आणि क्लच हबचा नट ढिला नाही ना ते हाताने हलवून बघा. स्प्रॉकेट तिरकी असतील तर नवा पॅडही एका कडेने खाल्ला जाईल.

बसवताना बॅटरीची वायर आधी काढा, कारण कित्येक गाड्यांत स्टार्टरचे गिअर त्याच कव्हरखाली असतात. प्ले घट्टातल्या घट्ट जागी सेट करा, लॉकनट आवळा आणि आवळल्यावर परत मोजा, कारण आवळताना ॲडजस्टर हमखास थोडा फिरतो. कव्हरचं पॅकिंग नवं घाला. तेल भरल्यावर पातळी गाडी सरळ उभी करून बघा, साइड स्टँडवर नाही. पहिल्या ५०० किमीनंतर एकदा उघडून मोजा. नवा पॅड सुरुवातीला पटकन बसतो, त्यामुळे तेव्हा थोडा प्ले वाढलेला दिसेल.

तुमचे ते दोन आकडे आणि गाडीचं मॉडेल-वर्ष खाली लिहिलंत, तर चेन ठेवायची की टाकायची ते सांगता येईल.